पंपाला ठोका नसतो

निवृत्त मुख्याध्यापक भगवंतराव तुपे, वय अडुसष्ट, सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी ऑपरेशन टेबलावर वारले. तसं काही झालंच नाही, असं धरून पुढे चालू.

सन २०६१, सोलापूर. त्या सकाळी परफ्युजनिस्ट रेवती कोठावळे हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्या तपासत होती. झडप बदलेपर्यंत हृदय थांबवायचं आणि तोवर अंगभर रक्त फिरवायचं ते हिने. पेपरात नाव यायचं सर्जनचं. रेवतीचं तर चहाच्या यादीतही राहून जायचं.

सरकारी नाडीनोंदीचे इंजिनिअर वाणी पडदा दाखवत होते. "सगळ्यांच्या मनगटात आमचा संवेदककण आहे. नाडी थांबली की मृत्यूची नोंद, आणि मृताच्या नावावरचं यंत्र आपोआप बंद. अनोळखी नाडी सुरू झाली की जन्म. ज्या शरीराच्या बळावर तिला रक्त मिळतं, ते शरीर आई. माणसाची लुडबुड नाही!"

"पण साहेब, माझ्या पंपाला ठोका नसतो. नळासारखी एकसारखी धार."

"अहो ताई, रक्त फिरतंय ना? मग झालं."

अकरा वाजून बारा मिनिटांनी भगवंतरावांचं हृदय थांबवलं. कणाने इमानेइतबारे मृत्यू नोंदवला. यंत्र बंद.

"रेवती! अजून टाके घालायचेत!" सर्जन हर्डीकर मॅडम ओरडल्या.

"घाला तुम्ही. मी आहे."

तिने पंपाला हातदांडा लावला. हात शाळेत लेझीम खेळलेला. एकसारखं फिरवणं त्याला जमेना. दर ठोक्याला एक हिसका, मिनिटाला बहात्तर.

"नवीन नाडी आली!" वाणी किंचाळले.

"मग यंत्र चालू करा."

"ते तुप्यांच्या नावावर आहे हो. आणि तुपे तर..."

"मग मला वारा घाला."

वाणींनी एकेचाळीस मिनिटं फाईलने वारा घातला. मग भगवंतरावांचं हृदय आपलं आपण धडधडू लागलं. रेवतीने दांडा सोडला, पण बोटं मिटलेलीच राहिली.

मेलेल्याला परत घ्यायची सोय नोंदीत नव्हती. तिसऱ्या दिवशी जन्माचा दाखला आला: पुरुष, वजन चौऱ्याहत्तर किलो, आई रेवती कोठावळे, वय सत्तावीस.

"दुरुस्तीचा अर्ज करू या का, सर?" तिने विचारलं.

भगवंतरावांनी चष्मा लावून दाखला दोनदा वाचला. "खोटं काय आहे यात?" ते म्हणाले. "राहू दे, आई."

रेवतीने अर्ज केला, पण वेगळा: "...सबब, वरील नवजात पुत्राच्या संगोपनार्थ सव्वीस आठवड्यांची मातृत्व रजा मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती."