आतली बाजू माझी, बाहेरची त्याची

काचेवर एक डाग होता आणि तो काही केल्या निघत नव्हता.

मोठ्या सफाई कंपनीतली नोकरी सोडून मी आणि वहिनीने स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं होतं. पाहणीला गेलो ते हे पहिलंच ऑफिस. वहिनी टेबलांखालचा वायरींचा गुंता बघून कपाळाला हात लावत होती आणि मी फडकं घेऊन त्या डागाच्या मागे लागले होते. तेवढ्यात काचेबाहेर वरून दोन बूट खाली आले. मग गुडघे... मग दोरावर बसलेला अख्खा माणूस!

मी किंचाळलेच. तो हसला. आवाज नाही, नुसतं हसू. डागाकडे बोट केलं, मग माझ्याकडे. तुमच्या बाजूने आहे! मी मान हलवली. छे, तुमच्या! त्याने फेस लावून रबरी पट्टी सर्रकन फिरवली. डाग जागच्या जागी. मी चिडून नखाने खरवडलं आणि... निघाला. चिकटपट्टीचा होता मेला.

खाली उतरलो, तर तो दोर गुंडाळत उभा.

"डाग तुमचाच निघाला."

"ऑफिस अजून आमचं कुठे झालंय?"

"होईल की. एवढं रागाने बघणाऱ्या बाईला नाही कोण म्हणेल?"

"मी काच बघत होते."

"मीही आधी काचच बघत होतो," तो म्हणाला, आणि माझे कान तापले.

वहिनीने त्याचं नाव ठेवलं लोंबकळ्या. ऑफिसच्या मॅनेजरांनी आम्हाला थोडे दिवस काम करून दाखवायला सांगितलं होतं. ऑफिसातली माणसं यायच्या आत आम्ही केर काढायचो, लाद्या पुसायचो, टेबलं लख्ख करायचो आणि बाहेर तो एकेक मजला उतरत यायचा. माझ्या खिडकीशी आला की त्याची पट्टी जरा जास्तच रेंगाळायची. काचेवर फेसाने तो काहीबाही काढायचा—एकदा मिशा, बरोब्बर माझ्या तोंडासमोर! जुनं व्हॅक्युम मशीन घ्यायला तोच आमच्याबरोबर आला, आणि ते जिन्यावरून चढवताना धापा टाकत म्हणाला, "धर ना नीट." तोवर आम्ही 'तुम्ही'वर होतो. मी मशीन नीट धरलं. दुसऱ्या दिवशी मीही 'तू' म्हणून टाकलं.

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. मॅनेजर म्हणाले, "काम आवडलं. पण आतलं-बाहेरचं एकाच्याच हाती हवं. काचाही घेणार असाल तर बोला." आणि तो म्हणाला, "मी चाललोय. लांबच्या शहरात उंच इमारतींचं काम आहे... बराच काळ चालेल."

"अगं, मग विचार ना त्याला!" वहिनी म्हणाली. "थांबला तर काचांचाही प्रश्न सुटला, आणि तुझाही."

तिथेच तर घोडं अडलं. थांब म्हटलं असतं, तर ते काचांसाठी की माझ्यासाठी, हे त्याला कसं कळणार? जन्मभर त्याला वाटत राहिलं असतं... आणि खरं सांगू? मलाही.

तो वाट बघत होता, हे दिसत होतं मला. खिडकीशी येऊन भुवया उंचवायचा. मी मान खाली घालून खुर्च्या पुसायची. पुसलेल्याच पुन्हा पुसायची. तो खाली सरकला की पळत खिडकीशी यायची... नुसता ताणलेला दोर दिसायचा. त्या दोराकडेही किती वेळ बघत राहायची मी!

आणि काचांसाठी माणूस शोधत दुपारभर उन्हातून वणवण करायची. शेवटी एक काका सापडले. उभा जन्म काचांच्या कामात गेलेला, हाताखाली शिकलेली माणसं. ते हो म्हणाले, मॅनेजर हो म्हणाले. वहिनीने तर मला मिठीच मारली. मी ती कशीबशी सोडवली आणि गच्चीवर धावले.

तो शेवटचे दोर सोडवत होता.

"ऑफिस मिळालं आम्हाला."

"अरे वा!" तो हसला, पण वर न बघता. "आणि काचा?"

"त्यांना माणूस मिळाला. चांगला आहे. तुझ्यापेक्षा भरभर करतो."

"असं का..." गाठ त्याच्या हातातच राहिली. "म्हणजे आता माझी काही गरज नाही."

"कामाला नाही."

त्याने वर पाहिलं.

"म्हणूनच तर दुसरा शोधला," मी म्हणाले. आवाज कापत होता, कापू दिला. "आता मी जे बोलेन, ते काचांसाठी नसेल."

त्याने हातातला दोर खाली ठेवला. वाऱ्याने दोराचं टोक हलत होतं.

"वेडे," तो हळूच म्हणाला, "मी तिकडे शब्द देऊन बसलोय गं. जावं तर लागणारच."

"जा की. मी कुठे अडवतेय?" डोळे भरून आले होते, तरी मी हसले. "परत कुठे यायचं, तेवढं सांगतेय."