त्र्याहत्तर टक्क्यांची चोरी

"चोरी होतेय," ती बाई दारातूनच म्हणाली. "रोज होते. दुपारी एकच्या ठोक्याला."

मामांनी लगबगीने वही उघडली. भाचीच्या तपास कार्यालयात त्यांच्याकडे दोन कामं होती. वही उघडणं आणि तिच्यात चुकीचं लिहिणं. भूगोलाचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांना दोन्ही झेपत होती.

"काय चोरीला जातं?"

"त्र्याहत्तर टक्के."

मामांनी 'त्र्याहत्तर टक्के' लिहिलं आणि कशाचे ते पुढे लिहिता यावं म्हणून थोडी जागा सोडली.

भाचीने खुर्ची पुढे सरकवली. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणत. "बसा. आणि पहिल्यापासून सांगा."

बाई रोपवेच्या तिकीट खिडकीवर बसायची. तिचे सासरे त्याच रोपवेचा ब्रेक एकतीस वर्षं सांभाळत होते. जग त्यांना ब्रेककाका म्हणायचं. यंदा वरून फर्मान आलं होतं की सगळ्यांनी सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स पूर्ण करायचा. बावन्न पानं, तासाभराचं काम. बाकी सगळ्यांचं उरकलं होतं.

"बाबांची प्रगती रोज संध्याकाळी त्र्याहत्तर टक्के दिसते. दुसऱ्या दिवशी एक वाजता शून्य! कोणीतरी पुसतंय. आज बाविसावा दिवस. आज सहाला मुदत संपते. मग परवाना रद्द आणि बाबा पार्किंगच्या फाटकावर, शिट्टी फुंकत. ते मरतील हो तिथे."

"ते स्वतः काय म्हणतात?"

"'होईल' म्हणतात. बाबा एवढंच म्हणतात. लग्नात सुद्धा तेवढंच म्हणाले होते."

"दुपारच्या सुट्टीनंतर कसे दिसतात?"

"घामाघूम. दोन बाटल्या पाणी एका दमात संपवतात. धसकाच घेतलाय त्या कोर्सचा." बाईने पदराने डोळे टिपले. "फी म्हणून जन्मभर फुकट पाळण्यात बसा दोघं."

"मी नाही," मामा म्हणाले. स्टुलावर चढून बल्ब बदलतानाही त्यांना कोणीतरी पाय धरायला लागायचं.

*

ते पोचले तेव्हा तीन वाजत होते. एक ते तीन रोपवेची विश्रांती असायची, चाकाची वीजसुद्धा बंद. आता मोठं चाक पुन्हा कुरकुरत फिरू लागलं होतं आणि पाळणे एकामागून एक डोंगराकडे निघाले होते. मामांनी वर पाहिलं नाही. त्यांनी शेजारची पाटी वाचली, कारण पाटी जमिनीवर होती. 'आणीबाणीचा जिना. पायऱ्या ६११.'

प्रशिक्षण खोलीची मालकीण एक करारी लिपिक होती. तिने दोघांना आधी बेसिनकडे पिटाळलं.

"साबणाने. कोपरापर्यंत. माझ्या कीबोर्डला कोणी मळक्या हाताने शिवत नाही."

"ब्रेककाकासुद्धा?"

"मी स्वतः उभी राहून धुवायला लावते. तरी रोज माऊस ग्रीसने बरबटलेला! हे बघा आजचं." माऊसवर पिवळा ओशट डाग होता. "धुतात आणि तरी बरबटवतात. कसं जमतं देव जाणे."

"त्यांची प्रगती कोण पुसू शकतं?"

"मी," ती ताठ मानेने म्हणाली, "आणि ते स्वतः. तिसरं कोणी नाही. आणि मी पुसलेली नाही. त्यांना एकला बसवून मी जेवायला जाते. अडीचला येते तेव्हा ते नाव-पासवर्डच्या पानासमोर बसलेले असतात, धापा टाकत. वय झालं."

"पासवर्डच्या पानासमोर? कोर्समधून बाहेर कसे पडतात?"

"वीस मिनिटं हात लावला नाही की संगणक आपोआप बाहेर काढतो. डुलकी लागत असेल."

"अडकतात कुठे?"

"अडतिसाव्या पानावर. रोज."

टाचणीने ते पान बघायला मागितलं. लिपिकबाईने स्वतःच्या नावाने कोर्स उघडला, इतरांना दाखवताना अर्धवट राहिलेला. आधी एक प्रश्न आला. 'जिथे थांबलात तिथून पुढे जायचं का? हो / नाही.' तिने न वाचताच 'हो' दाबलं.

अडतिसावं पान साधंच होतं. एका चाकाचं चित्र, आणि खाली ओळ. मामांनी ती मोठ्याने वाचली, मास्तरी सवयीने. "'आता वरच्या स्टेशनच्या चाकाचा ब्रेक हाताने तपासा. तपासून झाल्यावर पुढे दाबा.'" लिपिकबाईने 'पुढे' दाबलं. एकोणचाळिसावं पान आलं. बिघाड काही दिसला नाही.

"डुलकी," मामांनी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"या पानावर प्रत्येकाने किती वेळ घालवला, त्याची यादी मिळेल?" टाचणीने विचारलं. यादी मिळाली. ती वाचताना भाचीचा चेहरा बदलला. शाळेत नकाशावर पहिल्यांदा समुद्र किती आहे ते कळलं, की मुलांचे चेहरे असे व्हायचे.

*

दुसरा संशयित खालच्या चाकापाशी भेटला. ब्रेककाकांचा हाताखालचा. काका गेले तर त्यांची जागा याला मिळणार होती. त्याने हे सांगायला अर्धं मिनिटही घेतलं नाही.

"मिळेल ना! पण मला नकोय. रात्री झोप लागेल का मला?" त्याचे हात काळ्या ग्रीसने माखले होते. "काकांसारखं कोणाला जमतं? रोज सकाळची चौदा कलमांची तपासणी. एकदा माझी अकरा झाली आणि फोन आला. परत येऊन बारावं घेतलं तर काकांनी मान धरली. पुन्हा एकपासून! म्हणे, मधून सुरू करायचं नाही. मधून सुरू करणाराच काहीतरी विसरतो."

"हे ग्रीस सगळीकडे काळंच असतं?"

"खालच्या चाकाला काळं. वर थंडी जास्त, तिथे पिवळं."

टाचणीने घड्याळ पाहिलं. तीन पन्नास. "मामा, सगळ्यांना प्रशिक्षण खोलीत बोलाव. रोपवेच्या साहेबांनाही."

"चोर सापडला?"

"चोर नाहीच. पण जे सापडलंय ते तुला बसून ऐकावं लागेल."

*

सगळे हात धुऊन जमले. साहेब, लिपिकबाई, सून. ब्रेककाका सर्वांत शेवटी आले. ठेंगणे, सत्तावन्न वर्षांचे, लोखंडी पेटीसारखे. काम हाताखालच्यावर सोपवून यावं लागल्याने नाराज.

"हात धुऊन बसलेल्या माणसाच्या माऊसवर ग्रीस येतं," टाचणी म्हणाली. "म्हणजे हात धुतल्यानंतर आणि अडीचच्या आधी तो माणूस ग्रीसजवळ जाऊन आला. ग्रीस पिवळं. पिवळं ग्रीस फक्त वर."

साहेब हसले. "एक ते तीन लाइन बंद असते. वर जाणार कसा?"

"सहाशे अकरा पायऱ्या."

कोणी हसलं नाही.

"एक वाजता काका बसतात. प्रत्येक पान वाचतात. एक पस्तीसला अडतिसावं पान सांगतं, वरच्या चाकाचा ब्रेक हाताने तपासा. तुम्ही सगळ्यांनी 'पुढे' दाबलं. काका उठले. वर चढले. ब्रेक तपासला. उतरले. पन्नास मिनिटं. तोवर संगणकाने त्यांना केव्हाच बाहेर काढलेलं. बावन्नातली अडतीस पानं, त्र्याहत्तर टक्के."

"पण शून्य कोण करतं?" सुनेने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी संगणक विचारतो, मधून पुढे जायचं का?"

"मधून सुरू करायचं नाही," ब्रेककाका म्हणाले. त्यांचं हे पहिलंच वाक्य.

"म्हणून 'नाही'. आणि सगळं पुसून पुन्हा एकपासून. बावीस दिवस."

लिपिकबाई मटकन बसली. "अहो काका, तुम्ही मला विचारलं का नाही?"

"विचारायचं काय? लिहिलंय ना, तपासा." काका थोडे अवघडले. "रोजची तपासणी रोजच असते. हेही तसंच असेल असं वाटलं. मग कोर्स अपुरा असल्याची नोटीस आली. वाटलं, आपल्या तपासण्यातच काही कमी राहतंय. म्हणून दुसऱ्या दिवसापासून जरा जास्त नीट तपासू लागलो."

मामांनी वही मिटली. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून सांगितलं होतं. नीट वाचणारा माणूस त्यांना आज पहिल्यांदा दिसत होता.

टाचणीने यादी साहेबांपुढे ठेवली. "या पानावर बाकीच्यांचा सरासरी वेळ चार सेकंद. तुमचे तीन, साहेब."

साहेबांनी यादी पाहिली. मग खिडकीतून वर पाहिलं. पाळण्यात कोणाचं तरी मूल हात हलवत होतं.

"मी हे पान काढून टाकतो," ते म्हणाले.

"नका," टाचणी म्हणाली. "त्यात लिहिलंय ते तुम्ही करा."

*

चार वाजता ब्रेककाका संगणकासमोर बसले. प्रश्न आला. त्यांनी 'नाही' दाबलं. सुनेने डोळे मिटून घेतले, पण वेळेचा हिशोब टाचणीने याच 'नाही'सकट केला होता.

चार पस्तीसला अडतिसावं पान. साहेबांनी लाइन बंद करवली. काका उठले. त्यांच्यामागे साहेब उठले, कोट काढून. मग लिपिकबाई, सून, टाचणी.

"आणि मी?" मामा म्हणाले.

"तुझं काम सगळ्यांत महत्त्वाचं. दर पाच मिनिटांनी माऊस हलव."

मामा माऊस धरून बसले. आयुष्यात एवढी जबाबदारी त्यांच्यावर आली नव्हती. त्यांनी तो दर मिनिटाला हलवला.

खिडकीतून जिना दिसत होता. सर्वांत पुढे एक ठेंगणा ठिपका, न थांबता. मागे साहेबांचा पांढरा शर्ट, दर वीस पायऱ्यांनी कठडा धरणारा. ठिपका वरच्या स्टेशनात शिरला. तिथे काय होतंय ते दिसत नव्हतं. बावीस दिवस कोणालाच दिसलं नव्हतं. त्याच वेळी खाली लोक जेवत होते, डुलक्या काढत होते. तीन वाजता पाळण्यात बसून फोटो काढत होते.

मामांनी इतकी वर्षं पर्वतांची उंची फळ्यावर लिहिली होती. उंची म्हणजे काय ते त्यांना आत्ता कळत होतं, आणि तेही खुर्चीत बसून.

पाच पंचवीसला काका परतले. त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत. 'पुढे' दाबलं.

एकोणचाळीस.

साहेब दारात भिंतीला टेकून उभे होते, घामाने निथळत, बोटांना पिवळं ग्रीस. तळहात उघडून बघत राहिले.

पाच एक्कावन्नला पडद्यावर आलं, 'अभिनंदन! शंभर टक्के.' खाली प्रश्न होता. 'कोर्स पुन्हा सुरुवातीपासून पाहायचा आहे का?' काकांचा हात 'हो'कडे निघाला. सुनेने झडप घालून माऊसच उपटला.

"उद्या, बाबा!"

"होईल," ब्रेककाका म्हणाले आणि लाइन सुरू करायला गेले. दिवसाची शेवटची फेरी बाकी होती.

टाचणी पाळण्यात चढली आणि सवयीने म्हणाली, "मामा, तू इथेच थांब."

मामा तोवर तिच्या शेजारी बसलेही होते. पाळणा हलला, जमीन सुटली, जिन्याच्या पायऱ्या खालून एकेक करून मागे पडू लागल्या. समोर धरायला दांडी होती.

मामांनी ती धरली नाही.