माझ्यामागून म्हणा

रोह्याच्या एका कंपनीत बाहेरून आलेल्या कामगारांना मराठी शिकवायचं काम प्रणिताकडे होतं. तेही पेणच्या घरी बसून. ती धडे रेकॉर्ड करायची, पोरं मोबाइलवर ऐकायची. प्रत्येक धड्यात "माझ्यामागून म्हणा" म्हणायचं, शब्द सांगायचा आणि जरा गप्प राहायचं. ऐकणाऱ्यानं त्या रिकाम्या जागेत बोलायचं. तिचा नवरा आदर्शसुद्धा कामावर जाता-येता कौतुकानं ते धडे कानात घालायचा.

निरोपाच्या धड्यात तिनं "येतो" घातलं, तर कंपनीचे साहेब अडले. "जाणाऱ्यानं 'येतो' कसं म्हणायचं? पोरं गोंधळतात. 'जातो' करा."

सासू धोंडुबाई ओट्यावरून बोललीच, "जातो नाय म्हणायचं गो. वाट ऐकत असते."

आता म्हातारीच्या बोलण्यापायी हातचं काम कोण सोडतो? प्रणितानं "जातो" करून टाकलं.

दिवाळीनंतर पोरं कमी व्हायला लागली. सुट्टीला म्हणून गेलेली परत येईनात, त्यांचे फोन लागेनात. साहेब म्हणाले, दुसरीकडे जास्त पगार मिळाला असेल. प्रणिताला पटलं. पटवून घेतलं म्हणा.

एका सकाळी तिनं तो धडा सहज लावला. "माझ्यामागून म्हणा. जातो." पुढच्या रिकाम्या जागेत कुणीतरी हळूच बोललं. परक्या वळणाचं "जातो". रस्त्यावरचं असेल म्हणून तिनं खिडकी लावली, पुन्हा ऐकलं. एक नाही, बरेच आवाज होते. तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिनं तिथल्या तिथं धडा नव्यानं रेकॉर्ड केला. अगदी ठसठशीत "येतो". मग लावून पाहिला.

तिचा आवाज म्हणाला, "येतो."

रिकाम्या जागेतले सगळे म्हणाले, "जातो." त्यातला शेवटचा आवाज घोगरा होता, घरातला होता.

लॅपटॉप खाडकन मिटून ती बाहेर धावली.

आदर्श ओट्यावर बूट चढवत होता. धरमतरच्या खाडीत माल वाहणाऱ्या बार्जवर त्याची शिफ्ट होती. ती वाटेत आडवी उभी राहिली.

"आधी येतो म्हणा."

जन्मभर हाच शब्द बोलून घराबाहेर पडलेला माणूस. त्यानं तिच्याकडे नवीनच काही ऐकल्यासारखं पाहिलं.

"जाणाऱ्यानं 'येतो' कसं म्हणायचं गो?"

तो थट्टा करत नव्हता. तिनं त्याचा हात घट्ट धरला. रडू आवरेना.

"माझ्यामागून म्हणा. येतो."

त्यानं ओठ हलवले.

आवाज आतल्या खोलीतून आला, मिटलेल्या लॅपटॉपमधून.

"जातो."