बोडीकाठचे एकतीस फोटो

"उत्क्रांती म्हणजे माकडाचा माणूस ना? मंग माह्याच फोटो काढ!" मोहाच्या फांदीवरून अश्विन ओरडला.

"तू अजून माणूस झाला कुठी?" रिनानं खालून उत्तर दिलं.

भद्रावतीची रिना सुटीत कुरखेड्याजवळ आजोबांच्या, मुखरू आबांच्या गावी आली होती. शेजारचा अश्विन तिचा जुना दोस्त. शाळेतल्या बाईंनी उत्क्रांतीवर प्रकल्प दिला होता : हळूहळू बदलत गेलेलं काहीतरी फोटोंतून दाखवा. आणि आबांच्या पेटीत खजिनाच सापडला! मुखरू आबांचा ब्रह्मपुरीत फोटो स्टुडिओ होता. दर बुद्धपौर्णिमेला ते गावी येत आणि बोडीच्या, म्हणजे गावच्या छोट्या तळ्याच्या काठी, याच मोहाखाली, घरच्यांचा फोटो काढत. एकतीस वर्षं, एकाच जागेवरून! पहिल्या फोटोत रिनाचे बाबा आजीच्या कडेवर होते. मग चड्डीत, मग मिशीत. मोहाचा बुंधाही सोबत जाड होत गेलेला. आजी गेली आणि फोटो थांबले.

आज बुद्धपौर्णिमा. बत्तिसावा फोटो रिना काढणार होती. जुना फोटो समोर धरून तिनं जागा जुळवली आणि ती दचकलीच.

"अश्विन, उतर! फोटोत बोडीच्या हद्दीचा दगड झाडाच्या अलीकडे आहे, रस्त्याच्या बाजूला. आता पलीकडे, पाण्याच्या बाजूला!"

"झाड चालत गेलं का मंग?"

"झाड नाई गेलं, दगड गेला!"

बुंध्यावर तोडणीचा ताजा लाल आकडा होता. रस्ता रुंद होणार होता. दगडाच्या रस्त्याकडची झाडं उद्या सकाळी पडणार होती.

फोटोत बाबा दगडावर बसलेले, झाडापासून तीन पावलांवर. तिनं पावलं मोजली. तिथली माती भुसभुशीत लागली. दोघांनी हातांनी उकरली, तर आत दगडाच्या बुडाएवढा चौकोनी खड्डा! त्या गडबडीत फोटो राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवत घेऊन मुकादम भैयाजी हजर झाले. नकाशा घेऊन तलाठी दिव्यानी मॅडमही आल्या होत्या.

"भैयाजी, दगडाजवळ उभे राहा ना, फोटो काढतो!" अश्विन साळसूदपणे म्हणाला.

भैयाजींनी केस नीट केले.

"हा दगड पहिलेपासून इथीच आहे ना?" अश्विननं विचारलं.

"माह्या आज्याच्या काळापासून इथीच! इंचभर हालला नाई!"

"मग हे काय?" रिनानं मॅडमसमोर फोटो मांडले आणि खड्डा दाखवला.

भैयाजींचा चेहरा उतरला. "मॅडम, बोडीचा गाळ काढताना मशीननं उपटला. मजुरानं ठेवून दिला कुठीतरी. मीही जागा पाह्यली नाई, उगाच बोलून गेलो..."

नकाशा उघडला, टेप लागली. माप बरोबर खड्ड्यावर आलं! मोह बोडीच्या हद्दीतच होता.

"शाब्बास, पोरांनो!" मॅडम म्हणाल्या. "आम्ही मोठ्यांनी नुसता दगड पाहिला, तुम्ही झाड पाहिलं." भैयाजींनी स्वतःच लाल आकडा खरवडला.

आबा बुंध्यावर तळवा टेकवून उभे होते.

"आबा, सगळ्या फोटोंत तुमी कुठी आहात?" रिनानं विचारलं.

"मी? मी कॅमेऱ्यामागं राहो, बेटा. एकातही नाई."

"मग आज इथंच थांबा."

आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, टोपी सरळ केली. उजवीकडे त्यांनी थोडी जागा मोकळी सोडली. तिथं आजी उभी राहायची. रिनानं फोटो काढला.