शेवटच्या वॉल्ट्झची गायिका

"गळा छान आहे… पण तुला कधी कुणी सोडून गेलेलं दिसत नाही!"

आवाज चक्क घोड्याच्या पोटाखालून आला. मी दचकलेच. एमिलकाकांच्या तबेल्यात आपण एकटेच आहोत असं समजून मी गात होते, आणि पलीकडे एक नालबंद घोड्याचा खूर गुडघ्यांत धरून वाकलेला! आधी टोपी दिसली, मग हसू. टोपी अगदीच जुनी होती. हसू मात्र— जाऊ दे.

"चोरून ऐकतोस?"

"मग काय, खूर सोडून पळू? लाथ कोण खाणार?"

त्याचं नाव हॉयट. आमच्या गावात नवा होता, म्हणून त्याला सगळं सांगावं लागलं. नाचघरात दर रविवारी दुपारचा शेवटचा वॉल्ट्झ, म्हणजे जोडीजोडीने करायचा संथ नाच, एकाच गाण्यावर होतो. नवरा निघून गेलेली बाई सवयीने रोज सकाळी दोन कप कॉफी ओतते, एवढीच त्यातली गोष्ट. पण टेक्सासच्या या कोपऱ्यात लोक माझ्या आजीच्या तरुणपणापासून त्यावर नाचताहेत. आता ते गाणाऱ्या विल्माबाई थकल्या होत्या आणि नाचघर चालवणाऱ्या एमिलकाकांनी मला एकच रविवार दिला होता. जमलं नाही, तर सॅन अँटोनियोहून दुसरी गायिका येणार. मला ते गाणं हवं होतं. अगदी हट्टाने हवं होतं.

"आतापर्यंत दोघांना नाही म्हटलंय, तेही मीच," मी कबूल केलं. "दुःख आणू कुठून?"

"कठीण आहे."

"मग तूच कर ना माझा प्रेमभंग! रविवारपर्यंत."

"प्रेमभंगाला आधी प्रेम लागतं, बाईसाहेब."

तो रोज येऊ लागला. नाल ठोकायचे घोडे संपले, तरी येत राहिला. आम्ही कुंपणावर बसून पीच खायचो.

"झाला का प्रेमभंग?"

"छे! उलट भूक वाढलीय."

पण ते गाणं काही मला सोडेना. सुखात असलेली माणसं पैसे देऊन रडायला का येतात? शेवटी अल्बीना मावशींना गाठलं. त्या कणीक मळत होत्या.

"मावशी, लॅडीकाका तर तुम्हाला सोडून कधी गावाबाहेरही गेले नाहीत. मग त्या गाण्यावर नाचताना डोळे का पुसता?"

"अगं, दिवसभर त्याच्यावर खेकसत असते मी," मावशी म्हणाल्या. "ते गाणं लागलं की वाटतं, हा खरंच गेला तर? मग जरा घट्ट धरते. घरी हे जमतं का?"

शनिवारी हॉयट म्हणाला, "उद्या संध्याकाळी मोंटानाला निघतोय. ऑक्टोबरपर्यंत तिकडेच काम आहे."

मी टाळी वाजवली. "वा! अगदी वेळेवर!"

तो हसला नाही. "तू म्हणालीस म्हणून नाही, लिडिया. आधीच ठरलं होतं. सांगवत नव्हतं…"

रविवारी मी गायले. मावशींनी लॅडीकाकांचा शर्ट मुठीत धरला होता. हॉयट खांबाला टेकून एकटाच उभा होता. मला धावत जाऊन त्याला धरावंसं वाटलं, आणि मी तर मंचावर! दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला. तेव्हा मला कळलं, की ज्यांचं माणूस अजून गेलेलं नाही, त्यांनाच हे गाणं जास्त लागतं.

"गाणं तुझं," एमिलकाका म्हणाले. मी मान डोलावली आणि बाहेर पळाले.

तो गाडीत ऐरण चढवत होता. "मिळालं ना?"

"मिळालं. पण जी हे गाते, तिला त्यावर कधीच नाचायला मिळत नाही, हे कुणी सांगितलंच नाही मला."

त्याने ऐरण खाली ठेवली. "चल. मी गातो."

मग त्या खडीवर, भर उन्हात आम्ही नाचलो. तो इतका बेसूर गात होता की मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी म्हणाले.

"माझंही आहे. कधीचं. ऑक्टोबरात येतो."

"आणि नाही आलास तर?"

"तर हे गाणं तू आणखी सुंदर गाशील."

"नाही गायचं मला सुंदर!" मी रडत ओरडले. "जन्मभर बेसूर गाईन मी… तू ये."