उपरण्यावरचा निळा डाग

सावित्रम्मा गुरुबसप्पांच्या उंबऱ्यातच थांबली आणि लेकीचा हात पुढे धरला. तळव्यावर छडीचे वळ होते.

"हेडमास्तरनं मारलंय, अप्पा. भिंगाचं यंत्र फोडलं म्हणून. उद्या शाळंतनं काढतो म्हणतोय. काढलं की हिचा बाप अक्कलकोटचं स्थळ पक्कं करतोय बगा."

जोतीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. करमाळ्याच्या तालमीतला गडी. डोकं सावकाश चालायचं, राग मात्र चटकन यायचा. त्याचे मित्र गुरुबसप्पा खासगी तपास करायचे. ते शांतपणे मुलीकडे वळले.

"महानंदा, बोटं पिवळी कशानं?"

"आयोडीन. काल तासाला बटाट्याच्या फोडीवर टाकलं. पिठूळ वस्तू त्यानं निळीकाळी होते. ऊन पाण्यात रंग जातो, गार झालं की परत येतो."

सांगताना पोर वळ विसरली होती.

सगळे शाळेत गेले. विज्ञानाच्या खोलीत एकुलता एक सूक्ष्मदर्शक फरशीवर मोडून पडला होता. शेजारी आयोडीनच्या बाटलीच्या काचा. शिपाई येडूच्या हातातलं धुवट फडकं तपकिरी झालं होतं.

"मी आलो तवा असंच व्हतं. फडक्यानं पुसून घेतलं."

"किल्ल्या कुणाकडे?"

"एक ह्या महानंदाताईकडं, सायन्सच्या मास्तरांनी दिल्याली. दुसरी हापिसात खिळ्याला."

"आज तुझ्याआधी कोण आलं होतं?"

येडूनं मान खाली घातली. "पोटाचा प्रश्न हाय, अप्पा."

तिथून सगळे ऑफिसात गेले. हेडमास्तर संस्कृत शिकवायचे. खळीचं उपरणं पापडासारखं कडक. पदरावर निळा डाग.

"त्या खोलीत दिवाळीपासून मी पाऊल ठेवलेलं नाही," ते गरजले. "मुलीच्या हाती यंत्र दिलं, दुसरं काय होणार!"

"हा डाग?"

"शाई."

जोतीरामनं मुठी आवळल्या. गुरुबसप्पांनी येडूकडून तांब्याभर कढत पाणी मागवलं आणि उपरण्यासाठी हात पुढे केला.

"शाई पाण्यानं निघायची नाही," हेडमास्तर हसून म्हणाले आणि उपरणं दिलं.

"बुडव गं, महानंदा."

पदर पाण्यात गेला आणि डाग नाहीसा झाला.

"शाई अशी जात नाही," गुरुबसप्पा म्हणाले. "हे आयोडीन. येडूच्या फडक्याला खळ नाही, म्हणून ते तपकिरी. तुमचं उपरणं खळीचं, आणि खळ म्हणजे पीठच, म्हणून निळं. पाऊल न ठेवलेल्या खोलीतलं आयोडीन तुमच्या पदराला लागलं कसं? तुम्ही विज्ञानाच्या तासाला कधी बसला असतात, तर शाई म्हणाला नसतात."

हेडमास्तरांचा चेहरा उतरला. "सकाळी पाहुण्यांना यंत्र दाखवत होतो. हातातून सुटलं. शाळेच्या अब्रूचा प्रश्न होता..."

"अब्रू?" जोतीराम कडाडला. "स्वतः फोडायचं आन् छड्या हिला मारायच्या? लाज कोळून प्यायलाय व्हय?"

"हळू बोला. डाग तर गेलाच आहे. मुलीला काढत नाही, झालं? प्रकरण इथंच मिटवू."

जोतीराम बाह्या सारत पुढे सरसावला. महानंदानं मात्र पिळलेला पदर खिडकीतल्या वाऱ्यावर धरला.

"थांबा, सर. गार होऊ द्या."

सगळे बघत राहिले. हळूहळू पदरावर निळा डाग पुन्हा उमटला.

गुरुबसप्पांनी उपरणं हेडमास्तरांच्या खांद्यावर ठेवलं. "चला, हे घालूनच वर्गात चला. छड्या सगळ्यांसमोर मारल्यात, खरंही सगळ्यांसमोर सांगा."

हेडमास्तर निमूट चालू लागले. सावित्रम्मानं लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

"जा गं. पुढच्या बाकावर बस."