जाऊबाईचा आवाज

मामाचा फोन आला तो मिक्सरसाठी. "ठमे, जाऊबाई बंद पडलीय. येऊन बघतेस?" एवढंच बोलला. स्वतःच्या तब्येतीबद्दल अवाक्षर नाही.

जाऊबाई म्हणजे मामीचा ब्रेडचं पीठ मळायचा जुना मिक्सर. पांढरा, लोखंडी, उचलताना कंबर धरायला लावणारा. खाली मोठं भांडं, वर पुढे झुकलेलं जाडजूड डोकं आणि त्यातून लोंबणारा मळायचा आकडा. "जागची हलत नाही, सारखी कुरकुरते, पण कामाला वाघ आहे," असं म्हणत मामीनंच त्याला ते नाव दिलं होतं. मला लहानाचं मोठं केलं ते मामा-मामीनं. शाळेतून आले की आधी जाऊबाईची घरघर कानावर यायची, मग ताज्या ब्रेडचा वास, आणि मग मामी.

उन्हाळ्यात मामी गेली.

मी इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करते. रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन पोचले. मामानं दार उघडलं. सदरा खुंटीला अडकवावा तसा अंगावर लोंबत होता.

"जेवतोस की नाही?"

"जेवतो की."

"काय जेवतोस?"

"बिस्किटं."

याला आपल्या घरी घेऊन जायचं, हे मी तिथेच दारात ठरवलं. तो येणार नाही, हेही मला माहीत होतं.

"आणि मिक्सर कशाला लावायला गेलास? तुला चहासुद्धा धड येत नाही."

मामा खिडकीकडे बघत राहिला. "रिकामाच लावायचो. दुपारचा. घर फार गप्प असतं गं..."

मी टेबलावर वर्तमानपत्रं पसरली आणि कामाला लागले.

डोक्याचं झाकण उघडलं तर आतलं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट झालेलं. एका गिअरचे दात पार झिजले होते. मोटार जळू नये म्हणून आधी त्यानंच झिजायचं, अशी त्याची रचनाच असते. हाच गेला असणार असं धरून तसला गिअर जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून मी येतानाच शोधून आणला होता. मामा स्क्रू सांभाळायला बसला. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस. प्रत्येक स्क्रू कुठला, ते सांगत बशीत मांडत होता. "हा उत्तरेकडचा. हा दक्षिणेकडचा." किती दिवसांनी त्याच्या तोंडून थट्टा ऐकली! सगळं रॉकेलनं घासूनपुसून, नवं ग्रीस भरून, मोटारीचे झिजलेले कार्बन ब्रश बदलून मी डोकं बसवलं, तोवर दुपार कलली होती. बाहेर आभाळ भरून आलेलं. स्वयंपाकघरात राखाडी उजेड, आणि रॉकेलचा वास.

"लाव," मामा म्हणाला.

मी खटका ओढला. आकडा फिरायला लागला. हलका, पातळ, सुरेख आवाज. रिकामं यंत्र जसं वाजायला हवं, तसंच. मी मामाकडे बघून हसले.

आणि आवाज बदलला.

जड झाला. भरला. मोटार दमायला लागली. आकडा हवेतच फिरत होता, भांडं लख्ख रिकामं होतं, पण डोकं मात्र हिसके देत होतं... आत घट्ट पीठ असावं तसं. मी चटकन बंद केलं, प्लग काढला, आकडा हातानं फिरवला. लोण्यातून फिरावा तसा फिरला. कुठे अडत नव्हता.

पुन्हा लावलं. पातळ आवाज... आणि परत तेच.

मी खटक्याकडे हात नेला तसं मामानं माझं मनगट धरलं.

"थांब... बंद करू नकोस."

"मामा, काहीतरी बिघडलंय."

"नाही गं." तो डोळे मिटून ऐकत होता. "पाणी जास्त झालंय. ती आता मैदा घालेल, बघ."

क्षणभरानं मोटार आणखी जड झाली.

रॉकेलचा वास कुठल्या कुठे गेला होता. त्याच्या जागी दुसराच आला होता, कोमट, आंबूस... यीस्टचा.

"रिकामं आहे ते, मामा," मी कसंबसं म्हटलं.

"मला दिसतंय."

"मग भीती नाही वाटत?"

त्यानं डोळे उघडले. ते भरून आले होते. "इतकी वर्षं पलीकडच्या खोलीत पेपर तपासत हेच ऐकलं मी. हिची भीती?"

मला मात्र वाटत होती. पण मामाच्या गालांवर रंग आला होता, आणि तो रंग मला भीतीपेक्षा मोठा वाटला. मी मैद्याचा डबा काढला. यीस्ट कोमट पाण्यात भिजवलं, फेस येऊ दिला. मामी कधी ब्रेड करायला शिकवत नसे. "तुम्ही खायचं काम करा," म्हणायची. आता मात्र जाऊबाईचा आवाज परत पहिल्यापासून सुरू झाला, आणि मामा कान देऊन सांगत गेला. "आता मैदा... बास. पाणी, अगदी बारीक धारेनं... मीठ आता. ती थोडी थांबायची मिठानंतर."

मी घालत गेले. आणि सांगते, भांडं भरत चाललं तरी आवाजात तसूभर फरक पडला नाही. जणू तो आधीपासूनच याच पिठाचा होता आणि पीठ तेवढं यायचं राहिलं होतं.

गोळा फुगला. दोन भाग केले. पहिला ब्रेडच्या डब्यात घालून परत फुगवला, ओव्हनमध्ये टाकला; दुसरा फडक्याखाली झाकून खिडकीपाशी ठेवला. ब्रेड निघाला तेव्हा मामाला तो निवेपर्यंतही धीर नव्हता. पहिला तुकडा त्यानं उभ्या उभ्याच खाल्ला. दुसरा बसून. तिसऱ्याला लोणी मागितलं. मी पाठ फिरवून डोळे पुसले.

"आता माझ्याकडे येशील का रे राहायला?"

"जाऊबाईला घेऊन येईन," तो म्हणाला. "गाडी मोठी सांग." मग बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत जाऊन बसला आणि पोटभर जेवलेल्या माणसासारखा घोरायला लागला.

मी दुसरा गोळा बघायला गेले. मिक्सरचा प्लग काढलेला होता. फडकं उचललं.

ब्रेडचं पीठ तयार झालं का, ते बोट दाबून बघतात. खळगा चटकन भरून आला तर थांबायचं, सावकाश आला तर भाजायला टाकायचं. गोळ्याच्या मधोमध तसा एक खळगा होता. अरुंद. माझं बोट त्यात मावलं नसतं. मी बघत असतानाच तो चटकन भरून आला.

बाहेर मामा घोरत होता.

"अजून थांबू का... मामी?"

मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक. मग त्या गुळगुळीत पिठावर, माझ्या डोळ्यांदेखत, दुसरा खळगा पडला... आणि अगदी सावकाश वर यायला लागला.